आईच्या गालांवरचा वांग
हळद शिजण्याचा वास आला की मला कुरुंद्याच्या शेतातली ती सकाळ आठवते आणि अजूनही चिडचिड होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. आईच्या दोन्ही गालांवर काळा वांग पसरला होता, म्हणून मी तिला हट्टानं वसमतला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी मलम दिलं आणि चेहरा उन्हापासून जपायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी आमची हळद शिजायला लागली. कढईतून वाफ उसळत होती, ऊन चढत होतं. आई मलम लावून, तोंडाला रुमाल बांधून आली. बाबा गड्यांसमोर म्हणाले, "या वयात काहून नटून राहिलीस? कोण बघायला येणार हाय तुला?" सगळे हसले. "औषध हाय ते, डॉक्टरनं दिलंय!" मी ओरडले. "गप बस, लोकं बघून राहिलेत," आईच मला म्हणाली. तिनं रुमाल सोडला, पदरानं गाल खसाखसा पुसले आणि शिजलेली हळद उन्हात पसरायला लागली. संध्याकाळी तिनं मलमाची ट्यूब माझ्या हातात ठेवली. "तूच लाव, तुझं लगीन व्हायचंय." आता माझ्याही गालांवर तसाच वांग आलाय. मी रोज न चुकता मलम लावते, पण आईच्या गालांना ते कुणी एक दिवससुद्धा पुरतं लागू दिलं नाही, याचा राग काही केल्या जात नाही.