सोमवारची दहा मिनिटं

आई मे महिन्यात गेली आणि जूनमध्ये माझं बीएस्सीचं दुसरं वर्ष सुरू झालं. आम्ही पालेगावला राहायचो, कॉलेज उल्हासनगरला. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला एकेक मेंटॉर नेमून दिले. मला बॉटनीच्या मॅडम मिळाल्या. त्यांच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे मी ‘गृहिणी’ लिहिलं, अडचणींपुढे ‘नाही’ लिहिलं, सही केली आणि निघाले. लिहिताना काही वाटलं नाही. त्या दिवसांत कशानेच काही वाटत नव्हतं.

सकाळी पाणी भरायचं, पप्पांचा आणि भावाचा डबा करायचा, त्यात साडेसातचं प्रॅक्टिकल बुडायचं. सप्टेंबरमध्ये हजेरी कमी असलेल्यांच्या यादीत माझं नाव लागलं. मॅडमनी बोलावलं. कॉलेज सोडते, घरी जमत नाही, एवढंच मी सांगितलं.

त्यांनी समजूत घातली नाही. सोडलं तर काय होईल, राहिले तर काय करावं लागेल, दोन्ही सांगितलं. ठरवायचं तू, म्हणाल्या. मग नेमकं कुठल्या वेळेला जमत नाही ते विचारलं. मी पाण्याची वेळ सांगितली, डब्यांची सांगितली. त्या लिहून घेत होत्या.

“आणि आई?”

“आई नाही. मेमध्ये गेली.”

त्यांनी फाइलमधून माझा फॉर्म काढला, बघितला, परत ठेवला.

“जूनमध्ये सांगितलं असतंस तर तेव्हाच बॅच बदलून दिली असती. तू बोलल्याशिवाय मला कळणार कसं गं?”

दुपारच्या बॅचसाठी अर्ज त्यांनी मलाच लिहायला लावला. मी पानभर लिहिलं, त्यांनी ते चार ओळींवर आणलं. विभागप्रमुखांकडे त्या सोबत आल्या, पण बोलायला मला लावलं. बॅच मिळाली.

मग दर सोमवारी लॅबच्या मागच्या खोलीत दहा मिनिटं. सुरुवातीला मी नुसती बसून यायचे. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, येताना एक प्रश्न लिहून आण, लहानसा चालेल. मग रिक्षात बसल्याबसल्या लिहायचे. जर्नल कधीपर्यंत घेतील? केमिस्ट्रीचं कुठलं प्रकरण आधी करू? त्यांना माहीत नसलं की तसं सांगून त्या दुसऱ्या सरांकडे पाठवायच्या. सांगितलेलं काम झालं नसलं, तर नाही झालं म्हणायचे. खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो, तो नव्हता.

त्या सेमिस्टरला केमिस्ट्री राहिली, बाकीचं सुटलं. पप्पांना सांगितलं, ते “बरं” म्हणाले. मॅडमकडे या वेळी न बोलावता गेले, केमिस्ट्रीच्या फेरपरीक्षेचा फॉर्म भरायची तारीख बघूनच. पुढच्या वेळी केमिस्ट्रीही सुटली.

आईसाठी मी पहिल्यांदा रडले ते तिसऱ्या वर्षाला, भांडी घासताना. कारण काही नव्हतं. सोमवारी मॅडमना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मग जर्नल बघायला मागितलं. मला ते बरं वाटलं.