वीणेचा पहारा आणि पाण्याची गोळी

गेल्या आठवड्यात धामणगाव बढ्याच्या मंदिरात मी चक्क वीणा धरून उभी होते... मी! जिला आरतीसुद्धा सुरात म्हणता येत नाही.

मी बुलढाण्यात एका हॉस्पिटलच्या हृदयविकाराच्या रिसर्चवर काम करते. झटका येऊन गेल्यावर काही पेशंटच्या फुप्फुसांत परत पाणी का भरतं, हे आम्ही शोधतोय. त्यासाठी घरी गेलेल्या प्रत्येकाची खबर ठेवावी लागते.

आमच्या यादीतले एक पेशंट काका फोनच उचलेनात. "सोडा, नाव कमी करू," ऑफिसात सगळे म्हणाले. पण मी एक नंबरची हट्टी... सिस्टरना सोबत घेतलं आणि ड्रायव्हरला गाडी काढायला लावली.

गावात सप्ताह बसला होता आणि काका वीणेच्या पहाऱ्यावर होते. वीणा गळ्यात घेऊन नामस्मरण करत उभं राहायचं, दुसरा येईपर्यंत ती खाली टेकवायची नाही. काकांचे पाय सुजलेले, दोन शब्द बोलले की धाप लागत होती. बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावलं, तर आकडा खूपच कमी.

"काका, लघवीवाटे पाणी काढायची गोळी चालू आहे ना?"

"सप्ताह उठेपर्यंत बंद केली, ताई. घडीघडी लघवीले जा लागते. पहारा कसा सोडू?"

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आधी जवळच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावा, मग लगेच इकडे आणा. काका मात्र जागचे हलेनात. पुढचे वीणेकरी अजून शेतातच होते... असा राग आला म्हणून सांगू!

"मंग मले द्या ती वीणा," मी हात पुढे केले. काकांनी वीणा आणखीच घट्ट धरली.

शेवटी बाजूला उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोच, काकू, कडाडल्या, "द्या ना तिले! काऊन थांबून राह्यले?"

काका-काकू आणि सिस्टर गाडीतून गेले. वीणेकरी येईपर्यंत मी बेसूर आवाजात नाव घेत उभी राहिले. कोणीही हसलं नाही, याबद्दल गावकऱ्यांचे खरंच आभार.

आता फोनवर मी प्रत्येकाला आधी विचारते, गावात सप्ताह कधी, जत्रा कधी, घरात लग्न कधी... आणि तेव्हा गोळीचं काय करणार? हा प्रश्न आमच्यापैकी कोणाला सुचला नव्हता.

काका वाचले. वॉर्डात भेटायला गेले, तर नाकात नळी असतानाच त्यांनी विचारलं, "ताई, पहारा मोडला त नाही ना?"

"नाही मोडला. आता गोळीचा पहारा तुमच्याकडे."

"हाव," काका म्हणाले, "तो बी नाही मोडत."