वाकलेली पिन

गाणं वाजत नसेल, तर दोष यंत्राचा की माणसाचा, हे तुम्ही कसं ओळखता?

काल शिलाई मशीनला तेल घालताना त्या वासानं मला लहानपणीच्या भिंगारच्या हॉटेलात नेलं. चौदा एप्रिल, जयंतीची सकाळ होती. तिथल्या जुन्या ज्यूकबॉक्समध्ये आमच्या वस्तीनं दिलेली जयंतीच्या गाण्याची तबकडी होती, पण तिचं बटण दाबलं की शेजारची लावणी सुरू व्हायची.

"मुद्दाम केलंय ह्यांनी!" आत्या कडाडली. "आजपासून इथला चहा बंद!"

"आईशप्पथ ताई, म्या हात न्हाई लावला," हॉटेलवाले काका काकुळतीनं म्हणाले.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माझ्या बाबांनी झाकण उघडलं. प्रत्येक गाण्याची एक पिन होती. आमची वाकून शेजारचीला ढकलत होती. बाबांनी ती पकडीनं सरळ केली, तेल सोडलं आणि गाणं लागलं. पहिली टाळी काकांची पडली.

"दादा, झिजून वाकली का कुणी वाकवली?" आत्यानं विचारलं. बाबांनी झाकण लावलं.

तेव्हा मला आत्याचा राग खरा वाटला. आज ती टाळीही खरी वाटते, आणि दोन्ही एकत्र कशी खरी असतील, ते कळत नाही. एवढंच मागतो: कुणावर बहिष्काराचं पत्रक छापण्याआधी झाकण उघडा. पण पिन वाकलेली दिसली, तर ती सरळ केल्याशिवाय तिथून हलू नका.