लागला का गं दिवा?

घरातले दिवे-पंखे फोनवरून चालवणारी प्रणाली, मेमरी कार्डावर टाकली की लगेच सुरू होईल अशी तयार करून फुकट वाटायची, हा अण्णांचा उद्योग. नवी आवृत्ती आधी स्वतःच्या घरात चालवायची, हा नेम.

अण्णा खोलीतून ओरडायचे, "लागला का गं दिवा?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणायची, "लागला हो! आता चहाही त्यालाच करायला सांगा."

मगच आवृत्ती बाहेर पडायची. बायको गेली आणि सगळंच अडलं.

लेक वैतागली. "बाबा, लोक खोळंबलेत. दिवा लागलेला पडद्यावर दिसतोय की!"

"दिसतोय गं. पण कुणी सांगितलं कुठं?"

लेक स्वयंपाकघरात गेली. अण्णांनी हाक मारली.

"लागला, बाबा."

चहाचं ती काहीच बोलली नाही. अण्णांनी आवृत्ती सोडली आणि दिवा मालवला.