खोगीर नेणारा चोर

ती घोडी आणि तिच्यासाठी धावत आलेले डॉक्टर, दोघंही अजून डोळ्यांसमोर आहेत. मी तेव्हा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका लहान गावात सार्जंट होतो. सकाळची ड्युटी वाटून चहाचा मग उचलला, तेवढ्यात तिथल्या हॉस्पिटलमधून रिटायर झालेले एक मराठी डॉक्टर काउंटरशी आले.

"अहो सार्जंट, माझ्या मिसेसची घोडी कोणीतरी नेली! उद्या बायर येणार आहे हो तिचा."

डॉक्टरांची पत्नी मूळची मेक्सिकोची. गावातल्या मेक्सिकन कुटुंबांनी वाळूच्या टेकड्यांमागे शेत भाड्याने घेऊन चार्रेरिया हा आपला घोडेस्वारीचा खेळ जपला होता. बाईंनी त्यात बायकांचा संघ उभा केला. घोळदार झगे घातलेल्या आठ जणी भरधाव येतात आणि एकमेकींना छेदून जातात; जरा चुकलं की घोड्यावर घोडा आदळायचा. बाई आजारपणात गेल्या आणि डॉक्टरांनी तिकडे पाऊल टाकणं सोडलं. आईच्या खोगिरावर आता कोणी बसायचं नाही, असं मुलीलाही बजावलं. शेवटी घोडी विकायला काढली.

त्यांचा संशय संघाच्या म्हाताऱ्या मेक्सिकन उस्तादावर होता, कारण तबेल्याची किल्ली त्याच्याकडे असे. मी जागा पाहून आलो. कुलूप शाबूत होतं. चांदीकाम केलेली पुरुषांची भारी खोगिरं जागच्या जागी होती. घोडीबरोबर गेलं होतं ते फक्त बाईंचं.

उस्तादाला ठाण्यावर बोलावलं, त्याचे हक्क समजावून सांगितले, रेकॉर्डर सुरू केला. तो गुडघ्यावर हॅट ठेवून मख्ख बसला. गप्प बसणारे चोर मी पुष्कळ पाहिलेत, ते दाराकडे बघतात. हा माझ्याकडेच बघत होता, तेही मायेने. मला हे काही खपेना. मुद्दाम खोचकपणे विचारलं, "खोगीर स्वतःला बसायला नेलंत का?"

म्हातारा उसळलाच. "मी? अहो, त्यावर दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसतात. बायकांचं आहे ते! आणि तेही तिच्या मापाने बनवलेलं." एवढं बोलून त्याने जीभ चावली.

मी डॉक्टरांना फोन लावला. मिसेसच्या बांध्याचं संघात कोणी आहे का?

"संघात नाही," ते म्हणाले. "माझी मुलगी आहे. पण ती तिकडे लंडनला, स्टॅनमोरला असते, शाळेत शिकवते. घोड्याला हातसुद्धा लावत नाही ती."

दुसऱ्या सकाळी कुत्रा फिरवणाऱ्या एका आजींची तक्रार आली. बीचवर झगे घातलेल्या बायका घोडे दौडवताहेत आणि त्यांचा कुत्रा गाडीखालून बाहेर यायला तयार नाही. मी डॉक्टरांना गाडीत घेतलं.

वाटेत त्यांनी हळूच विचारलं, "तिच्यावर केस झाली तर नोकरी जाईल ना हो तिची?"

"तक्रार तुमची आहे," मी म्हणालो.

ओहोटीच्या ओल्या वाळूवर घोडे दौडत होते. डॉक्टरांनी मोजले. "आठ," ते पुटपुटले. "ही गेल्यापासून सातच जणी धावायच्या म्हणे. तिची जागा मोकळी ठेवून."

आम्हाला पाहताच एकीने लगाम खेचला. जवळ आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा, आय ॲम सो सॉरी. लास्ट समरपासून मी एव्हरी वीकेंड इथे येते. तुला सांगायला भीती वाटला. पण तू तिला विकत होता, बाबा! आईचा घोडी आहे ती."

डॉक्टर पुढे झाले. घोडीच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि माझेही. खोटं कशाला सांगू?

मग ते मुलीला म्हणाले, "उजवा गुडघा अजून वर घे. आई वर घ्यायची."

त्याच दिवशी तक्रार मागे घेतली गेली. घोडी विकायची नाही, असं बायरलाही कळवलं गेलं. उस्तादाची मी माफी मागितली, तर त्याने मलाच मिठी मारली.

त्यानंतर चोरीची तक्रार घेताना मी एक प्रश्न हमखास विचारू लागलो: हे आणखी कोणाला हवं होतं? घरोघरी तो वेळेवर विचारला जात नाही, म्हणून माणसं ठाण्यात येतात. त्या मुलीला तो तिच्या बाबांनी विचारायला हवा होता. ती वाट पाहून दमली होती.