निधीकाकूंचा पूल

आमच्या विक्रोळीच्या चाळीत पत्ता सांगताना निधीकाकू दुकानं-देवळं सांगत नसत. "आमदाराच्या मुतारीवरून सरळ ये, खासदाराच्या दिव्याखाली वळ," असं सांगायच्या. कुठल्या वस्तूवर कुणाच्या निधीची पाटी आहे, हे त्यांना तोंडपाठ. म्हणून परबकाकूंच्या निधीकाकू झाल्या.

चाळीमागे नाला आणि नाल्यापलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, डायलिसिसचं केंद्र. परबकाकांना आठवड्यातून तीनदा तिथे न्यावं लागे, तेही हायवेला वळसा घालून. ट्रॅफिकमध्ये काका रिक्षातच गळून जायचे. काकूंना नाल्यावर चालत जाण्यापुरता पूल हवा होता, बाकी काही नाही.

त्यासाठी त्यांनी भल्याभल्यांचं डोकं खाल्लं. पण अलीकडचा काठ राज्याचा, नाला महापालिकेचा आणि पलीकडची मिठागराची जमीन केंद्राची. आमदारांच्या कार्यालयातला माणूस म्हणाला, "काकू, पैसे आहेत हो. पण केंद्राच्या जागेवर आम्हाला एक वीट लावता येत नाही." केंद्राच्या कचेरीत म्हणाले, प्रस्ताव महापालिकेने पाठवायचा. महापालिकेत म्हणाले, राज्याची मंजुरी आली की पाठवतो. सगळे चहा पाजायचे आणि सगळे खरंच बोलायचे. मला त्याचाच जास्त संताप येई.

रिकाम्या हाताने मात्र कुणी पाठवलं नाही. काठावर बाक ठेवायला फारशा परवानग्या लागत नाहीत, म्हणून नगरसेवक, आमदार, खासदार सगळ्यांनी आपापल्या निधीतून एकेक बाक दिलं. शेवटच्या बाकाचा नारळ फुटला तेव्हा काकू पाहुण्यांना म्हणाल्या, "आता हीच एकापुढे एक नाल्यावर टाका. आम्ही जातो चालत." पाहुणे हसले, आम्हीही हसलो. काकू हसल्या नाहीत.

मग एका सकाळी काकांनी रिक्षात पाय ठेवायला नकार दिला. "माका आता फिरव नको गो," एवढंच म्हणाले. आम्ही समजावलं, रागावलो, डॉक्टरांना फोनवर बोलायला लावलं. ते बधले नाहीत. त्याच महिन्यात गेले.

काकू कायमच्या गावी निघाल्या, तेव्हा मी बॅग घेऊन टॅक्सीपर्यंत गेलो. राहवलं नाही, म्हणालो, "काकू, जाता जाता एकेकाला चांगल्या शिव्या तरी घाला."

त्यांनी टॅक्सीचं दार उघडलं. "कोणाक घालू? चूक कोणाचीच नाय रे. माझो माणूस तेवढो गेलो."