हात नको, नजर लावा

"हात नको, नजर लावा."

असं म्हणून ते टेबलापासून दोन पावलं मागं सरकायचे आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागं धरून ठेवायचे. जणू ते हात दुसऱ्या कुणाचे आहेत आणि त्यांचा काही भरवसा नाही.

तुम्हीच सांगा, आपल्याकडं असं कुणी बोलतं का? नजर लागू नये म्हणून आपण बाळाला तीट लावतो, दारात लिंबू-मिरची बांधतो. आणि हा माणूस कामावर आलेल्या बाईला पहिल्याच दिवशी सांगतो, नजर लावा! मी तेव्हा त्रेपन्न वर्षांची तरुणी. अक्कल भरपूर; म्हणजे माझ्या मते. दुसऱ्या दिवशी पदराआड लिंबू-मिरची घेऊन गेले आणि त्यांच्या कॅमेऱ्याच्या स्टँडला बांधून टाकली. आता ओरडतील, असं वाटलं. त्यांनी वाकून पाहिलं.

"बाई, मिरचीला हिरवा रंग काय लागलाय हो!"

आणि ती सोडून टेबलावर मांडली. नजर उतरवायला नेलेली मिरची दिवसभर नजरेखाली बसली.

भिंगारच्या बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत पासपोर्टचे फोटो निघायचे. मागच्या खोलीत एक टेबल. तिथं माणसांचे नाही, वस्तूंचे फोटो व्हायचे. मसाल्याच्या पाकिटावरची आमटी, हॉटेलच्या मेनूवरची थाळी, मिठाईच्या खोक्यावरचे पेढे. हे सगळं कुणीतरी आधी रांधून, मांडून, त्याचा फोटो काढतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. तुम्हालाही नसेल. आमचे हे लष्कराच्या स्टोअरमधून नुकतेच रिटायर होऊन दिवसभर घरात बसायला लागले होते, आणि स्टुडिओवाल्यांना फोटोसाठी स्वयंपाक करणारी बाई हवी होती. दोन्ही गोष्टींचा मेळ बसला. मी स्टुडिओवाल्यांना भाऊ म्हणायचे, ते मला बाई.

टेबल म्हणजे जुन्या दाराची काळा रंग दिलेली फळी. वस्तू मांडली की तिच्याभोवती ते खडूनं बारीक गोल काढायचे. वस्तू पुसायला उचलली तरी परत नेमक्या जागी बसली पाहिजे. खिडकीला बटर पेपर, बाजूला थर्माकोलचा तुकडा, दोन-चार फुटके आरसे. एवढ्यावर त्यांचा कारभार.

आणि खोटेपणा किती! द्राक्षांवरचं दव म्हणजे ग्लिसरीन. चहाची वाफ म्हणजे कपामागं लपवलेली उदबत्ती. आइस्क्रीम दिव्यांखाली वितळतं, म्हणून आइस्क्रीम म्हणजे उकडलेला बटाटा. मला म्हणाले, "बाई, बटाटा कुस्करून द्या." मी दिला. त्यांनी गोळा करून काचेच्या वाटीत ठेवला, डोळा कॅमेऱ्याला लावला आणि तसाच ठेवून विचारलं,

"फोडणी दिलीत व्हय?"

"नुसता बटाटा कसा देऊ, भाऊ? हात होत नाही."

चिमट्यानं एकेक मोहरी वेचत बसले बिचारे. "व्हॅनिलात मोहरी नसती, बाई," एवढंच म्हणाले. मी मात्र घरी येऊन ह्यांना सांगितलं, त्या माणसाला चवीतलं काही कळत नाही.

एकदा काष्टीहून बचत गटाच्या तिघी जणी पापड घेऊन आल्या. पाकिटावर फोटो हवा होता. भाऊंनी एक पापड उभा केला आणि त्याच्या मागं दिवा धरला.

"आवो दादा, पापडाच्या मागं दिवा कशापायी?"

"तुमचा पापड किती पातळ हाय ते दिसाया पायजे ना, ताई. या, हितनं बघा. हात नको."

ती बाई कॅमेऱ्यातून बघत राहिली. पापडातून उजेड आरपार येत होता, लाटण्याची एकेक फिरकी दिसत होती. मागं वळून म्हणाली, "ह्यो माझ्या हातचा हाय?" आणि मग दोघींना ढकलून, "बघा की गं तुमी बी!" त्या दिवशी ग्लिसरीनची बाटली उघडली नाही.

गुरुवारी स्टुडिओ बंद. पण मागची खोली उघडी असायची. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली होती, आणि तिच्या मागं राहिलेल्या वस्तूंचे फोटो ते गुरुवारी काढत. एका बाजूनं झिजलेलं उलथनं. दोऱ्यानं बांधलेला चष्मा. दोरा ओवून तशीच राहिलेली सुई. एका गुरुवारी एकच वस्तू. कधी दोन गुरुवार लागायचे. तिथं ना उदबत्ती, ना फुटके आरसे. खिडकीतून येईल तो उजेड. मी चहा करून द्यायचे आणि कोपऱ्यात बसायचे. त्या चष्म्याच्या वेळी म्हटलं, "भाऊ, काच पुसू का?" ते म्हणाले, "नको. ती कवाच पुसायची न्हाई." आणि हसले. इथं मला समजायला हवं होतं. पण शहाण्या माणसाला समजायला वेळ लागतो.

अकरा वस्तू झाल्या. बारावा, शेवटचा, तिचा पानाचा पितळी डबा. तो फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर होता. "आधी का नाही काढला?" असं मी विचारलं होतं. "त्यो काढला की काम संपलं," ते म्हणाले. "मग गुरुवारी काय करू?"

मग एका बुधवारी त्यांनी डबा खाली घेतला, फडकं सोडून टेबलावर ठेवला, भोवती खडूचा गोल काढला आणि पानं आणायला बाजारात गेले. रिकाम्या डब्याचा फोटो त्यांना नको होता.

मी डब्याकडं पाहिलं. पितळ काळं पडलेलं, कडेला हिरवट, आणि झाकणावर पांढरा चुन्याचा डाग. माझा जीव तुटला, खोटं नाही सांगत. म्हटलं, बाईमाणूस खोलीत असताना हा असा काळा डबा फोटोत जाणार? उद्या लोक म्हणतील, घासणारं कुणी नव्हतं का? स्वयंपाकाची चिंच होती, मीठ होतं. असा घासला, असा घासला की झाकणात माझी टिकली दिसायला लागली. चुन्याचा डाग चिवट होता. त्याला नखानं खरवडलं. मग डबा बरोबर गोलात ठेवला आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले. त्रेपन्न वर्षांची घोडी!

ते आले. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं हातात. दारातच थांबले.

"चिंचेनं?"

"चिंच आणि मीठ," मी मोठ्या थाटात सांगितलं.

ते टेबलाजवळ आले. पहिल्यांदाच त्यांचे हात पाठीमागं गेले नाहीत. एक बोट त्यांनी झाकणावर ठेवलं.

"हितं तिचा अंगठा व्हता."

शेवटच्या दिवसांत ती अंथरुणातून उठत नव्हती. पानाला चुना लावून, त्याच अंगठ्यानं तिनं झाकण दाबून बंद केलं होतं. त्यानंतर डबा उघडला गेला नाही. चुन्यात अंगठ्याच्या रेषा उठल्या होत्या. मी डाग पाहिला, रेषा पाहिल्या नाहीत. मी हात लावला, नजर लावली नाही.

मला रडूही येईना. ते खुर्चीवर बसले, पानं मांडीवर. म्हणाले, "चांगला निघालाय. तिला आसाच लागायचा." ते बोलणं मला शिव्यांपेक्षा जड गेलं. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोलले असते. तेवढं मला येतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी न सांगता गेले. डबा गोलात होता, खिडकीचा उजेड त्याच्यावर, कॅमेरा लावलेला, आणि ते नुसते बघत होते. मी पदरात चुन्याची पुडी नेली होती. अंगठ्याला चुना लावला आणि पुढं झाले.

"भाऊ, मी उठवते. अंगठा तो अंगठा. फोटोत कुणाला कळणार? बटाट्याचं आइस्क्रीम चालतं आपल्याला."

ते मान हलवून म्हणाले, "त्ये गिऱ्हाइकाला चालतं, बाई. हितं गिऱ्हाईक मीच हाय."

मी अंगठा वर धरून तशीच उभी. ओलं फडकं त्यांनीच पुढं केलं. "पुसा. चुन्यानं कातडी जळती."

त्यानंतर मी सात वर्षं तिथं काम केलं. काढून टाकलं नाही मला, कधी बोलूनही दाखवलं नाही. आठवड्याचे सहा दिवस दव, वाफ, आइस्क्रीम. आणि गुरुवारी डबा खाली यायचा, गोलात बसायचा, ते बघायचे, संध्याकाळी परत फडक्यात. पितळ हळूहळू पुन्हा काळं पडत गेलं. बटण त्यांनी कधी दाबलं नाही. एकदा धीर करून विचारलं, "भाऊ, काढायचा नाही का?" म्हणाले, "बघतोय की." आणि वर, "काम संपलं न्हाई, हे एक बरं झालं." माझं मन राखायला बोलले की खरंच, ते मला आजही ठरवता येत नाही.

मग त्यांना दिसायचं कमी झालं. मुलगी येऊन नेवाशाला घेऊन गेली. पुढच्या उन्हाळ्यात तिचाच फोन आला, बाबा गेले. स्टुडिओची जागा दुसऱ्याला द्यायची होती. डबा आणि अकरा फोटो तिनं नेले. मला म्हणाली, "मावशी, तुम्हाला काय हवं?" मी टेबल मागितलं. डब्याचा खडूचा गोल त्याच्यावर अजून होता. टेम्पोवाला फळीवर सतरंजी टाकायला निघाला, तेव्हा मी त्याच्यावर अशी ओरडले की तो बिचारा फळी सुपासारखी आडवी धरून बसला.

टेबल आता आमच्या खिडकीशी आहे. परवा नातीनं त्याच्यावर लाडवांची ताटली ठेवली आणि मोबाईल काढला. फोटो कुठंतरी टाकायचा होता तिला. मग वाकून पाहिलं, आणि माझीच नात ती, ओलं फडकं घेऊन आली.

"आजी, इथं खडूचं काहीतरी आहे. अर्धा गोल. पुसते हां."

"हात नको," मी म्हटलं. "नजर लाव."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग फळीकडं. फडकं खाली ठेवलं आणि ताटली उचलून गोलाच्या बाहेर सरकवली.